आमचा हलगर्जीपणा, त्यांचं शॉर्ट सर्किट



आग विझलेली असते. पत्रे अजून तापलेले असतात. चिखलात काळी पडलेली भांडी, अर्धी जळालेली वह्यापुस्तकं, वितळून गोळा झालेली प्लास्टिकची घागर. बाया आपापल्या राखेवर बसून असतात. उठलं तर जागा जाईल, ही धास्ती. अशा वेळी साहेब येतात, वही उघडतात आणि पहिला प्रश्न टाकतात, ‘सुरुवात कोणाच्या घरातून झाली?’

बंब गल्लीच्या तोंडाशी का अडकला, हे साहेब विचारत नाहीत. जवळपास कुठं पाणी का नव्हतं, हे विचारत नाहीत. तीस घरांच्या वायरी एका खांबावर कोणाच्या आशीर्वादानं लोंबत होत्या, हे तर नकोच. साहेबांना हवी असते एक बाई. जिनं स्टोव्ह पेटता ठेवला, जिनं दिवा लावला, जिनं सिलिंडरचा नॉब नीट फिरवला नाही. ती सापडली की चौकशी संपली. वहीत शब्द पडतो : हलगर्जीपणा.

आता जरा तिकडं बघा. विसाव्या मजल्यावर ए.सी. पेटतो. सोफा, पडदे, लाकडी छत, सगळं खाक. त्या घरातल्या बाईला कोणी विचारतं का, बाई, ए.सी.ची दुरुस्ती शेवटची कधी केली होती? एका प्लगमध्ये चार यंत्रं कोणी खुपसली? नाही विचारत. तिथं लिहिलं जातं : शॉर्ट सर्किट. म्हणजे दोष कोणाचाच नाही. वायरीच्या मनात आलं, वायर जळाली. दोन दिवसांनी विमा कंपनीचा सर्व्हेअर दारात बूट काढून आत येतो आणि म्हणतो, ‘काळजी करू नका.’

आग तीच. धूर तोच. झोपडीत लागली की हलगर्जीपणा, टॉवरमध्ये लागली की शॉर्ट सर्किट. ह्या दोन शब्दांच्या मधल्या जागेत पैसा आहे, लाखांनी आहे. आणि ह्या पैशाबद्दल बोलायला आपल्यातलेच शहाणे लाजतात. म्हणून हे लिहायला बसलो.

माझ्या मावशीची गोष्ट सांगतो. उभं आयुष्य झोपडपट्टीत गेलं. पोरगा कामाला लागला, दोघांच्या नावावर कर्ज काढलं, कल्याणच्या पुढं एका इमारतीत चौथ्या मजल्यावर खोली आणि स्वयंपाकघर घेतलं. कर्ज देताना बँकेनं गठ्ठाभर कागदांवर सह्या घेतल्या. त्यातली एक सही घराच्या विम्याची होती. आपल्या घराला विमा आहे, हे मावशीला घर जळाल्यावर कळलं.

त्या इमारतीत पाणी वर चढत नाही. टँकर येतो, कधी येईल त्याचा नेम नाही. त्या दिवशी मावशीनं कढईत तेल ठेवलं आणि खालून हॉर्न वाजला. हॉर्न वाजल्यावर जी बाई मागं वळून गॅस बघत बसते, तिचा हंडा त्या दिवशी रिकामा राहतो. मावशी पळाली. वर आली तेव्हा स्वयंपाकघर पेटलं होतं. जिन्यातली लाल पेटी उघडली, आत होज पाईप नव्हता, चपला होत्या. शेजाऱ्यांनी जमेल तशी विझवली. कपाट गेलं, फ्रिज गेला, गाद्या गेल्या, पोराचे दाखले गेले. छताचं प्लास्टर खाली आलं आणि सळ्या दिसायला लागल्या. माणसं वाचली.

पाचव्या दिवशी सर्व्हेअर आला. गोड माणूस. शेजारच्या घरातनं आणलेला चहा प्याला.

‘मावशी, गॅस चालू ठेवून खाली गेलात?’

‘होय रे बाबा. माझीच चूक झाली.’

‘मग तेवढं लिहून द्या. खरं लिहिलं की क्लेम लवकर निघतो.’

त्यानं इंग्रजीत लिहिलं, मावशीनं सही केली. आपल्या बायांना ‘माझीच चूक’ म्हणायची सवय पिढ्यान्‌पिढ्या लावलेली आहे. नवऱ्यानं मारलं, माझीच चूक. पोरगं नापास झालं, माझीच चूक. घर जळालं, माझीच चूक. ती सवय त्या कागदावर उतरली आणि कंपनीचं काम झालं. दोन महिन्यांनी पत्र आलं. सदर नुकसान विमाधारकाच्या गंभीर निष्काळजीपणामुळे झाले असून वाजवी काळजी घेण्याच्या अटीचा भंग झाला आहे, सबब दावा नामंजूर. खाली सही, शिक्का.

आणि बँकेचा हप्ता? तो चालूच. जळालेल्या भिंतींचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला न चुकता कापला जात होता. बँक कधी हलगर्जीपणा करत नाही.

आता कान देऊन ऐका.

आगीचा विमा असतो कशासाठी? आभाळातनं वीज पडून किती घरं जळतात? घरं जळतात ती माणसाच्या विसरण्यानं. दूध उतू जातं, इस्त्री चालू राहते, उदबत्ती कलंडते, लेकरू काडी ओढतं. माणूस कधीतरी चुकणारच, म्हणून तर हप्ता भरायचा. चुकलात म्हणून पैसे नाहीत असं म्हणणारी कंपनी बुडणाऱ्याला काठावरून सांगते, तू पाण्यात उतरलास ही तुझी चूक, दोर मिळणार नाही.

ह्या धंद्याचा जन्मच मुळी अशा एका चुकीतून झालाय. १६६६ साली लंडन जळालं. सुरुवात झाली पुडिंग लेन नावाच्या गल्लीतल्या एका बेकरीतून. रात्री भट्टी नीट विझली नव्हती, असं मानतात. चार दिवस शहर जळत होतं, तेरा हजारांवर घरं गेली. त्या राखेवर, १६८० च्या सुमाराला, निकोलस बार्बन नावाच्या माणसानं आगीच्या विम्याचं दुकान काढलं. शिक्षणानं डॉक्टर, धंद्यानं बिल्डर. एका बेकरीवाल्याची भट्टी विझवायची राहिली, त्यातून ह्यांचे बंगले उभे राहिले. आणि ह्याच धंद्यातला माणूस आज मावशीला सांगतो, तुम्ही गॅस विसरलात!

त्यांच्याच देशात १८३७ साली शॉ विरुद्ध रॉबर्ड्स हा खटला झाला. धान्य वाळवायची भट्टी होती. मालकानं एकदा दुसऱ्या कोणाची तरी भिजलेली झाडाची साल फुकटात वाळवायला दिली आणि सगळं पेटलं. कंपनी म्हणाली, निष्काळजीपणा. न्यायालयानं ते ऐकलं नाही. निष्काळजीपणापासून संरक्षण देणं हा आगीच्या विम्याचा एक हेतूच आहे, असं ठरलं. जवळजवळ दोनशे वर्षं झाली ह्याला.

आपल्या सुप्रीम कोर्टासमोर २०२३ साली एका गोदामाचं प्रकरण होतं. छपराच्या दुरुस्तीच्या कामातून आग लागली असं विमा कंपनीचं म्हणणं, शॉर्ट सर्किट झालं असं गोदामवाल्याचं म्हणणं. कोर्टानं सांगितलं, आगीचं नेमकं कारण शॉर्ट सर्किट की आणखी काही, ह्यानं फरक पडत नाही. विमा घेणाऱ्यानं स्वतः आग लावलेली नसली म्हणजे झालं. सर्व्हेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नव्हे, हेही सुप्रीम कोर्टानं २००९ सालीच सांगून ठेवलंय.

विसरणं वेगळं आणि लावणं वेगळं. एवढं डोक्यात पक्कं ठेवा. जाणूनबुजून लावली तर विम्याचा पैसा नाही, आणि ते बरोबरच आहे. पण लावली हे सिद्ध करायचं काम कंपनीचं. पॉलिसीतला अपवाद जो दाखवतो, त्यानंच तो शाबीत करायचा असतो. हे जमत नाही म्हणून विसरणं आणि लावणं ह्यांच्या मधे एक शब्द घुसवला जातो, ‘गंभीर निष्काळजीपणा’. गंभीर म्हणजे किती? किलो की लिटर? तराजू कंपनीच्या हातात, मापही कंपनीचं. आणि ज्या बाईला इंग्रजी येत नाही, तिचा निष्काळजीपणा हमखास गंभीर भरतो.

मावशीच्या पोरानं आणि मी कंपनीला लेखी तक्रार दिली. महिनाभर वाट पाहिली. मग विमा लोकपालाकडं अर्ज टाकला. तिथं फी नाही, वकील नाही. सुनावणीला मावशी जरीची साडी नेसून आली होती, कारण तेवढी एकच शेजारणीकडं धुवायला गेलेली वाचली होती. साहेबानं कंपनीच्या माणसाला एकच विचारलं, ‘ह्या बाईंनी आग लावली, असं तुमचं म्हणणं आहे का?’ तो म्हणाला, ‘नाही.’ मग पुढं फार बोलणं झालं नाही.

सगळे पैसे मिळाले नाहीत. भांड्यांच्या, कपड्यांच्या पावत्या कोणाकडं असतात? पण भिंती आणि छताचे मिळाले, सामानाचे थोडे मिळाले. अकरा महिने गेले. ट्रेनमध्ये मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे माझी चूक नव्हती?’

मी म्हटलं, ‘चूक होती मावशी. गुन्हा नव्हता.’

पण थांबा. मावशीकडं निदान भांडायला एक कागद होता. ज्या वस्तीतून ती आली, तिथं काय?

विम्याच्या धंद्यात ‘कच्चं बांधकाम’ म्हणून एक व्याख्या चालत आलीय. लाकडी फळ्या, पालापाचोळा, गवत, बांबू, प्लास्टिक, कापड, डांबरी कापड, कॅनव्हास, ताडपत्री, ह्यांच्या भिंती किंवा छप्पर असेल तर ते घर कच्चं. ती यादी पुन्हा एकदा वाचा. आपल्या घरांचं एवढं चोख वर्णन आपल्या कवींनीही केलेलं नाही. कागदावर अशा घराला चढा दर आहे. प्रत्यक्षात एजंट गल्लीत फिरकत नाही. त्या बार्बननं लंडनमध्ये लाकडी घराचा विमा उतरवला होता, विटांच्या घराच्या दुप्पट दर घेऊन, पण उतरवला होता. साडेतीनशे वर्षं होत आली, मुंबईतल्या ताडपत्रीपर्यंत ती माणसं अजून पोचायची आहेत.

१ एप्रिल २०२१ पासून विमा प्राधिकरणानं ‘भारत गृह रक्षा’ नावाची ठरावीक पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक केली. पॉलिसी वाईट नाही. आग, पूर, भूकंप, दंगल, सगळं आहे. घराचा विमा उतरवला की आतल्या सामानाला आपोआप घराच्या रकमेच्या २० टक्के, दहा लाखांपर्यंत. कमी रकमेचा विमा काढला होता म्हणून भरपाईला कात्री लावायची नाही, हेही त्यात आहे. पण तिला लागतो पत्ता, लागतं क्षेत्रफळ, लागतं बांधकाम. आपल्या घराला पत्ता आहे ‘पाण्याच्या टाकीमागं’, क्षेत्रफळ आहे दहा बाय दहा, आणि बांधकाम आहे वरच्या यादीतलं.

सरकारला हे जमत नाही असं नाही. सर्वसाधारण विमा १ जानेवारी १९७३ पासून सरकारच्याच हातात आला होता. १९८८ साली केंद्र सरकारनं खेड्यातल्या गरीब कुटुंबांसाठी झोपडी विमा काढला. झोपडी जळाली तर १,००० रुपये, आतल्या चीजवस्तूला ५००. हप्ता सरकारनं भरायचा. हसू नका. रक्कम लाज वाटावी अशी होती, पण त्यात एक गोष्ट कबूल केली होती. झोपडीचा विमा उतरवता येतो आणि त्याचा हप्ता सरकार भरू शकतं. शहरातल्या झोपडीच्या वाट्याला ते हजार रुपयेही आले नाहीत.

आपत्तीच्या मदतीचंही तसंच. २०२२ ते २०२६ ह्या काळाच्या सरकारी निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या घराला सपाट मुलखात १ लाख २० हजार रुपये. झोपडीला ८ हजार. शिवाय एक ओळ : घर हे सक्षम अधिकाऱ्यानं दाखला दिलेलं अधिकृत बांधकाम पाहिजे. मत मागायला येता तेव्हा घर अधिकृत. वीजबिल घेता तेव्हा अधिकृत. जळालं की अनधिकृत! च्यायला, आगीलाही कट-ऑफ तारीख आहे ह्या राज्यात. २००० च्या आधीची राख इकडं या, २००० नंतरची राख तिकडं उभी राहा.

आणि हलगर्जीपणाचंच बोलायचं तर बोलूच.

७ डिसेंबर २०१५. कांदिवली पूर्व, दामूनगर. एकापाठोपाठ सिलिंडर फुटले, हजारावर झोपड्या बेचिराख. १३ मार्च २०२३. मालाड पूर्व, अप्पापाडा. पुन्हा सिलिंडर, पुन्हा शेकडो घरं. मधे सात वर्षं गेली. डोंगरउतारावरच्या, वनजमिनीवरच्या दाट वस्तीत बंब पोचत नाही, हे दामूनगरनं शिकवलं होतं. सात वर्षांत कोणत्या वस्तीत बंबाला रस्ता झाला? कुठं पाण्याची टाकी आणि होज बसवला? हा हलगर्जीपणा कोणाच्या नावावर लिहायचा?

‘पक्क्या घरात जा, सुरक्षित व्हाल’ असं आपल्याला सांगतात. ६ ऑक्टोबर २०२३. गोरेगाव, आझाद नगर, जय भवानी इमारत. झोपडीवाल्यांच्या पुनर्वसनाचीच इमारत. खाली पार्किंगमध्ये आग लागली, धूर वर चढला, किमान सात माणसं गेली. त्यानंतर बरोबर एका वर्षानं, ६ ऑक्टोबर २०२४. चेंबूर, सिद्धार्थ कॉलनी. खाली दुकान, वर घर. पहाटेची वेळ. एकाच कुटुंबातली सात माणसं, त्यात लेकरं. खाली पेटलं आणि वरच्यांना उतरायला वाट राहिली नाही. खाली दुकान आणि वर घर असं जगायची हौस कोणाला असते? जागेचा भाव ज्यांनी ठरवला, त्यांनी त्या माणसांना त्या माळ्यावर चढवलं.

आग आपल्याला नवीन नाही. १९७८ साली मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या, तो धूर अजून नाकात आहे. पण हा हिशोब बघा. आग लावलेली असते तेव्हा पंचनाम्यात ‘अज्ञात इसम’. आग लागलेली असते तेव्हा पंचनाम्यात घरवालीचं नाव, वय, पत्त्यासकट.

आता एक गोष्ट, जी प्रत्येक गल्लीत ओरडून सांगायला पाहिजे. तुमच्या नावावर गॅसचं कनेक्शन असेल तर तुमचा विमा आधीच उतरलेला आहे. वेगळा हप्ता नाही, अर्ज नाही. तेल कंपन्यांनीच तो काढलेला असतो. सिलिंडरच्या अपघातात मरण आलं तर माणसामागं ६ लाख रुपये. जखमींच्या उपचाराला माणसी २ लाखांपर्यंत, एका अपघाताला मिळून ३० लाखांपर्यंत. मालमत्तेच्या नुकसानीला एका अपघातामागं २ लाखांपर्यंत. दामूनगरात आणि अप्पापाड्यात सिलिंडर फुटले ते आठवा. मग विचार करा, आपल्या ओळखीतल्या किती जणांना हे माहीत आहे? मी वीस जणांना विचारलं. एकालाही नव्हतं. ज्यानं सिलिंडर आणून दिला त्यानं सांगितलं नाही, ज्यानं सबसिडीची जाहिरात केली त्यानं सांगितलं नाही.

त्यातही मेख आहे. मालमत्तेची भरपाई मिळते ती नोंदलेल्या पत्त्यावरच. आपला सिलिंडर असतो गावच्या नावावर, चुलत्याच्या नावावर, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातनं भरून आणलेली पाच किलोची टाकी. कनेक्शन मागायला गेलं की पत्त्याचा पुरावा मागतात. पत्ता नाही म्हणून काळ्या बाजाराचा गॅस. काळ्या बाजाराचा गॅस म्हणून विमा नाही. विमा नाही म्हणून सावकार. ह्या साखळीची पहिली कडी कोणी घडवली, ते कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

इथं आपल्यातले काही दोस्त नाक मुरडतात. चहाच्या टेबलावर मला ऐकवलंय, ‘विमा हा भांडवलदारांचा धंदा. आपण क्रांतीचं बोलायचं की पॉलिसीचं?’

दोस्ता, ज्याचं घर जळतं तो दुसऱ्या दिवशी क्रांतीकडं जात नाही, सावकाराकडं जातो. शेकडा पाच, शेकडा दहा. महिन्याला. पत्रे आणायचे असतात, पोरांना वह्या घ्यायच्या असतात, पाऊस थांबत नसतो. आपल्या मोर्चाला येणारी चार पोरं त्या कर्जात गळ्यापर्यंत रुततात आणि ओव्हरटाईम करत बसतात. एक आग वस्तीला दहा वर्षं मागं नेते आणि आपण म्हणतो, हा मध्यमवर्गीय प्रश्न आहे! मध्यमवर्गाला हा प्रश्नच नाही. त्याचा सर्व्हेअर बूट काढून आत येतो.

आणि विमा म्हणजे तरी काय? हजार जणांनी थोडंथोडं टाकायचं आणि ज्याचं जळालं त्याला उचलून द्यायचं. हे आपण भिशीत करतो. मयताच्या वर्गणीत करतो. चाळीत कोणी गेलं की डबा फिरतो, कोणी विचारत नाही की म्हाताऱ्यानं विडी का ओढली. डब्यात पैसे टाकणारी माणसं मयताच्या चुका काढत नाहीत. चुका काढतो तो नफ्यासाठी डबा फिरवणारा. कल्पना आपलीच आहे. तिच्यावर त्यांनी गल्ला मांडला आणि आपल्यालाच दाराबाहेर ठेवलं. ती परत मागायची की नाक मुरडून सोडून द्यायची?

म्हणून कामं.

१. आग लागल्यावर कोणीही ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ असं लिहून सही करायची नाही. खोटं बोलायचं नाही. काय घडलं, किती वाजता, कोण कुठं होतं, हे जसंच्या तसं सांगायचं. निष्काळजीपणा की अपघात, हा निकाल द्यायचं काम आपलं नाही. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही नाही. सही केली तर नक्कल मागून घ्यायची. वस्तीतला एक शिकलेला पोरगा किंवा पोरगी जबानीच्या वेळी शेजारी बसलीच पाहिजे.

२. घराघरातल्या कागदांचे आणि सामानाचे फोटो काढून ते वस्तीबाहेरच्या माणसाकडं ठेवायचे. गॅसचं पुस्तक, वीजबिल, रेशनकार्ड, फोटोपास. राख पुरावा देत नाही. जून २०२४ च्या परिपत्रकात प्राधिकरणानं कंपन्यांना बजावलंय की कागद नाहीत म्हणून दावा फेटाळायचा नाही. ते वाक्य तोंडपाठ करा.

३. गॅसचा पत्ता आहे त्या घराच्या नावावर करून घ्यायला गॅस एजन्सीवर घोळक्यानं जायचं. एकटा गेला की हाकलतात. नळी दर पाच वर्षांनी बदलायची. अपघात झाला तर एजन्सीला ताबडतोब लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची.

४. पुनर्वसनाच्या इमारतीत राहणाऱ्यांनी लाल पेट्या उघडून बघायच्या. आत चपला असतील तर लाज वाटून घ्यायची आणि काढायच्या. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याखाली वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो कमिटीला मागायचा. कर्ज घेतलेल्यांनी बँकेकडून आपल्या विम्याची प्रत काढून आणायची.

५. दावा नामंजूर झाला की रडत बसायचं नाही. आधी कंपनीला लेखी तक्रार. महिन्याभरात उत्तर नाही किंवा नकार आला तर वर्षाच्या आत विमा लोकपाल. नाहीतर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोग. भरलेला हप्ता पाच लाखांच्या आत असेल तर तिथंही फी नाही.

६. आणि मागणी. प्रत्येक वस्तीचा सामूहिक विमा, त्याचा हप्ता सरकारनं आणि पालिकेनं मिळून भरायचा. कच्चं-पक्कं बघायचं नाही, कट-ऑफ बघायची नाही. आपल्याकडं जमिनीचा कागद नसेल, पण भांडी आहेत, गाद्या आहेत, शिलाईमशीन आहे, पोरांची पुस्तकं आहेत. त्यांना अनधिकृत म्हणायची कोणाची छाती आहे, बघू. ज्या दिवशी झोपडी जळाली की सरकारच्या खिशातनं पूर्ण किंमत जाईल, त्या दिवशी बंबाला रस्ताही सापडेल आणि टाकीला पाणीही येईल. हलगर्जीपणा महाग पडल्याशिवाय साहेब सुधारत नाही.

पुढच्या वेळी आग विझल्यावर साहेब येतील, वही उघडतील. आपणही वही उघडायची. बंब किती वाजता बोलावला, किती वाजता आला, कुठं अडकला. नळाला पाणी होतं की नाही. वायरींची तक्रार कधी केली होती, तिची पोच कुठं आहे. सगळं तारीखवार, खाली दहा जणांच्या सह्या.

‘सुरुवात कोणाच्या घरातून झाली?’ असं विचारलं की ती वही साहेबांच्या हातात द्यायची.

म्हणायचं, तुमच्या हापिसातून झाली. हा घ्या पंचनामा.